कधीचा थांबलोय: इंग्रजीतल्या ‘हॅव बीन’बद्दल

एसटी स्टँडवर बाकाला बॅग टेकवून कुणी फोनवर म्हणतं, “अरे, मी दोन तासांपासून वाट बघतोय!” मराठी म्हणून या वाक्यात बोट ठेवायला जागा नाही. आता त्यातलं क्रियापद तेवढं वेगळं काढून पाहा: बघतोय. त्यात फक्त आत्ताचा क्षण आहे. गेलेल्या दोन तासांचं सगळं ओझं ‘पासून’ या एका शब्दयोगी अव्ययाने उचललंय. हाच माणूस इंग्रजीत बोलू लागला की तेच वाक्य इमानाने उतरवतो: ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स.’ बघतोय म्हणजे ‘ॲम वेटिंग’, पासून म्हणजे ‘सिन्स’, दोन तास म्हणजे ‘टू अवर्स’. शब्दागणिक हिशेब जुळतो आणि वाक्य मात्र दोन ठिकाणी चुकतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. एखादी गोष्ट मागे कुठून सुरू झाली हे मराठी क्रियापदाच्या बाहेर सांगते. इंग्रजीला ते क्रियापदाच्या आत हवं असतं. एवढी एक गोष्ट पक्की धरली, तर ‘हॅव बीन’च्या या काळाचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

बरोबर वाक्य असं: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स.’ क्रियापदाचे तीन तुकडे आहेत आणि तिन्ही कामाचे आहेत. ‘हॅव’ हे वर्तमानकाळाचं रूप, म्हणजे बोलणारा आत्ता, इथे उभा आहे. ‘बीन’ त्याचा एक हात मागे, सुरुवातीपर्यंत नेतं. आणि ‘वेटिंग’मधलं ‘इंग’ ती क्रिया उघडी ठेवतं, मधला सगळा वेळ ती चालू होती हे सांगतं. कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नाम असेल तर ‘हॅव’चं ‘हॅज’ होतं. बाकी काहीच बदलत नाही. ‘बीन’ कधीही हलत नाही आणि ‘इंग’ कधीही सुटत नाही. प्रश्न विचारताना ‘हॅव’ उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचा: ‘हॅव यू बीन वेटिंग?’ नकारात ‘नॉट’ हे ‘हॅव’ला चिकटतं: ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल.’ रचना इतकीच आहे. अडतं ते ती कुठे वापरायची इथे.

नावानेही थोडं नुकसान केलंय. शाळेत या ‘प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस’ला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि सातवी-आठवीतलं शहाणं मूल लगेच विचारतं, की जे पूर्ण झालं ते चालू कसं? प्रश्न अगदी रास्त आहे. इंग्रजीतल्या ‘परफेक्ट’चं आपण ‘पूर्ण’ केलं, पण या काळात ‘परफेक्ट’चा अर्थ संपलेलं असा होत नाही, मागून आत्तापर्यंत जोडलेलं असा होतो. त्यात भर म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या काही मार्गदर्शकांत ‘चालू पूर्ण’ हे नाव मराठीच्या रीती वर्तमानकाळालाच दिलेलं आढळतं, म्हणजे ‘मी रोज फिरायला जात असतो’ या सवयीच्या वाक्याला. ते वाचून इंग्रजीच्या पेपरला बसलेला विद्यार्थी ‘आय हॅव बीन गोइंग फॉर अ वॉक डेली’ लिहितो, जिथे ‘आय गो फॉर अ वॉक डेली’ पुरे होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, तेव्हापासून आपल्या व्याकरणाच्या चौकटीवर इंग्रजी व्याकरणाची छाया आहे. दोन भाषांतल्या खणांना एकसारखी नावं मिळाली, की आतला मालही एकच आहे असं वाटायला लागतं.

माल एक नाही, पण मराठी या बाबतीत गरीबही नाही. ‘गेली दहा वर्षं मी इथे शिकवतेय’ यातलं ‘गेली’ पाहा. वर्षं चालत गेली आणि शिकवणं अजून चालू आहे. ‘मी कधीची थांबलेय!’ यात तर आणखी गंमत आहे: कधीचा, कधीची, कधीचे असं ते विशेषण माणसाला लागतं, जणू गेलेला वेळ त्याच्याच अंगावर चढलाय. ‘मी हेच सांगत आलोय’ यात ‘येणे’ हे सहायक क्रियापद तेव्हापासून आत्तापर्यंत चालत येतं. इंग्रजीच्या ‘हॅव बीन सेइंग’ला मराठीत इतकं जवळचं दुसरं रूप नाही. फक्त ते दोन तासांच्या वाट बघण्याला चालत नाही, त्याला वर्षांचा पल्ला लागतो. ‘वाट बघत बसलोय’ यात कंटाळा आहे, तो इंग्रजीत ‘हॅव बीन वेटिंग’मध्ये बोलण्याच्या सुरातून येतो. आणि विदर्भात ‘मी दोन तासांपासून वाट पाहून राहिलो’ म्हणतात. ‘राहिलो’ हे रूप भूतकाळाचं आणि अर्थ आत्ता चालू असलेल्या क्रियेचा. प्रमाण मराठीवाले त्याला हसतात, पण इंग्रजी ‘हॅव बीन वेटिंग’ची कल्पना नागपूरच्या मुलाला समजावताना या ‘राहिलो’चा आधार घेतला तर काम निम्मं होतं.

क्रियापद वर्तमानातच ठेवण्याची ही रीत एकट्या मराठीची नाही. हिंदीत ‘मैं दस साल से यहाँ रह रहा हूँ’ म्हणतात, आणि जर्मन व फ्रेंच माणूसही ‘दहा वर्षांपासून इथे राहतो’ याच धाटणीने बोलतो. त्यामुळे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ ही चूक बर्लिनहून आलेल्या माणसाच्या तोंडीही सापडते. ही चूक म्हणजे अडाणीपणा असं आपल्याकडे मानलं जातं, ते साफ अन्यायाचं आहे. आपल्या भाषेच्या घडणीशी प्रामाणिक राहिल्यामुळे ती होते.

आता ‘फॉर’ आणि ‘सिन्स’. मराठीत दोघांची जागा एकटं ‘पासून’ घेतं: सकाळपासून, सोमवारपासून, दोन तासांपासून, बऱ्याच दिवसांपासून. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि मधल्या वेळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. वर्गात ‘पॉइंट ऑफ टाइम’ आणि ‘पीरियड ऑफ टाइम’ असे शब्द फळ्यावर लिहिले जातात, मुलं ते वहीत उतरवतात आणि बोलताना पुन्हा ‘सिन्स टू अवर्स’ म्हणतात. त्यापेक्षा मराठीतच करता येणारी कसोटी सोपी पडते. आपल्या वाक्यातलं ‘पासून’ काढा आणि त्या शब्दाआधी ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावून बघा. अर्थ तोच राहिला तर ‘फॉर’. ‘दोन तासांपासून’चं ‘गेले दोन तास’ होतं, म्हणून ‘फॉर टू अवर्स’. ‘बऱ्याच दिवसांपासून’चं ‘गेले बरेच दिवस’ होतं, म्हणून ‘फॉर मेनी डेज’. ‘सकाळपासून’चं ‘गेली सकाळ’ करून पाहिलं तर भलतंच काही होतं, म्हणून ‘सिन्स धिस मॉर्निंग’. ‘लहानपणापासून’, ‘२०१५पासून’, ‘कालपासून’, ‘दिवाळीपासून’ यांनाही ‘गेले’ लागत नाही; तिथे ‘सिन्स’.

या कसोटीला एक खड्डा आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. ‘गेल्या आठवड्यापासून’ यात ‘गेल्या’ दिसतं म्हणून घाईने ‘फॉर’ लावलं जातं. इथे आठवडा ही लांबी नाही, तो कॅलेंडरावरचा एक ठिकाणा आहे: मागचा आठवडा, जिथून सुरुवात झाली. म्हणून ‘सिन्स लास्ट वीक’. ‘गेला आठवडाभर’ म्हटलं की ती लांबी झाली: ‘फॉर द पास्ट वीक’. ‘भर’ हा प्रत्यय दिसला की लांबी समजावी. त्यातही ‘दिवसभर’ असेल तर ‘फॉर’ बहुधा लागत नाही, नुसतं ‘ऑल डे’ पुरतं: ‘इट हॅज बीन रेनिंग ऑल डे.’

आणि ‘आल्यापासून’, ‘झाल्यापासून’, ‘सोडल्यापासून’ ही मंडळी? यांचं उत्तर त्यांच्या पोटातच आहे. ‘आल्या’ हे भूतकाळाचं रूप, त्यामुळे ‘सिन्स’ला जोडलेल्या वाक्यात इंग्रजीतही साधा भूतकाळ येतो आणि मुख्य वाक्यात आपला काळ येतो: ‘सिन्स शी केम टु नाशिक, शी हॅज बीन लर्निंग द तबला.’ इथे ‘सिन्स शी हॅज कम’ लिहिणारे पुष्कळ आहेत, कारण मुख्य वाक्यातलं ‘हॅज’ दोन्हीकडे सांडतं.

‘पासून’चा गुंता सुटला तरी मराठी बोलणाऱ्याला खरी चकवणारी क्रियापदं पुढेच उभी आहेत: झोपणे, बसणे, थांबणे, उभं राहणे. ‘बाळ दोन तासांपासून झोपलंय’ हे वाक्य घ्या. बाळ या क्षणी झोपेत आहे, तरी आपण ‘झोपतंय’ म्हणत नाही. ‘झोपतंय’ म्हणजे झोपेच्या वाटेवर आहे, डोळे मिटतायत, पाळणा हलवत राहा. एकदा झोप लागली की मराठीत क्रिया पूर्ण होते आणि पुढे उरते ती स्थिती: झोपलंय. बसलाय, थांबलीय, उभे राहिलेत, आडवा पडलाय यांचं गणितही तेच आहे. इंग्रजी उलट बाजूने बघतं. तिथे झोप म्हणजे सलग चालणारी क्रिया. म्हणून ‘द बेबी हॅज बीन स्लीपिंग फॉर टू अवर्स’, आणि ‘आजोबा सकाळपासून ओट्यावर बसलेत’ याचं ‘ही हॅज बीन सिटिंग देअर सिन्स धिस मॉर्निंग’. मराठीतलं ‘झोपलंय’, ‘बसलेत’ पाहून मनात पूर्ण वर्तमानकाळ वाजतो आणि हात ‘हॅज स्लेप्ट’, ‘हॅज सॅट’ लिहितो; काही जण तर ‘इज स्लेप्ट’ही लिहितात. ‘हॅज स्लेप्ट फॉर टू अवर्स’ हे व्याकरणात मोडत नाही, पण त्यात दोन तासांची झोप झाली असा हिशेब जास्त ऐकू येतो आणि बाळ अजून झोपेत आहे हे मागे पडतं. हे बारीक वाटेल. बाळ सांभाळायला नवखी बाई आहे आणि आई ऑफिसातून फोनवर विचारतेय अशी कल्पना केली, की त्याचं महत्त्व कळतं.

याच्या शेजारीच विशेषणांची गल्ली आहे. ‘दुकान तीन दिवस बंद आहे’, ‘ती आठवडाभर आजारी आहे’, ‘आमचं लग्न होऊन वीस वर्षं झाली’. या वाक्यांत क्रिया चालू नाही, अवस्था आहे, त्यामुळे इंग्रजीत ‘हॅव बीन’पर्यंत यायचं आणि ‘इंग’च्या दारात थांबायचं: ‘द शॉप हॅज बीन क्लोज्ड फॉर थ्री डेज’, ‘शी हॅज बीन इल फॉर अ वीक’, ‘वी हॅव बीन मॅरीड फॉर ट्वेंटी इयर्स’. सवयीने ‘हॅज बीन क्लोजिंग’ लिहिलं तर अर्थच फिरतो. दुकान हल्ली लवकर बंद होतंय, रोज होतंय, असं काहीतरी ऐकणाऱ्याला वाटतं.

इथवर आपण चालू असलेल्या गोष्टींबद्दल बोलत होतो. पण या काळाचं दुसरं काम मला जास्त सुंदर वाटतं, आणि मराठी माध्यमाच्या वर्गात ते जवळजवळ शिकवलंच जात नाही.

घरात शिरताच समोरचीचे डोळे लाल, नाक ओढलेलं, पदराने गाल पुसणं चालू. “काय गं, काय झालं? रडलीस?” “छे, कांदे चिरत होते.” आत ओट्यावर परातीत किलोभर कांदा बारीक चिरून पडलाय, विळी आडवी ठेवलीय, कांदा चिरणं संपलंय. आता हे उत्तर इंग्रजीत कसं द्यायचं? मराठीत ‘चिरत होते’ आहे म्हणून ‘आय वॉज चॉपिंग अनियन्स’ म्हणावंसं वाटतं. ते चुकीचं नाही, पण ते दुपारची हकिकत सांगितल्यासारखं लागतं, डोळ्यांतल्या पाण्याशी त्याची गाठ बसत नाही. इंग्रजी बोलणारी बाई म्हणेल, ‘आय हॅव बीन चॉपिंग अनियन्स.’ क्रिया नुकतीच थांबलीय, पण तिची खूण अजून अंगावर आहे आणि ऐकणारा ती खूण बघतोय. खूण आत्ताची, म्हणून ‘हॅव’. कारण जरा मागचं आणि काही वेळ चाललेलं, म्हणून ‘बीन चॉपिंग’. इथे ‘फॉर’ नाही, ‘सिन्स’ नाही, किती वेळ ते सांगायची गरजच नाही.

अंगणातली माती ओली, पन्हाळीतून अजून थेंब पडतायत, आभाळ मात्र मोकळं: ‘इट हॅज बीन रेनिंग.’ आपण म्हणतो, ‘पाऊस पडून गेलाय.’ धापा टाकत आलेला मुलगा: ‘आय हॅव बीन रनिंग’, म्हणजे ‘पळत आलोय’. शर्टाला रंगाचे ठिपके: ‘यू हॅव बीन पेंटिंग!’, म्हणजे ‘रंग देत होतास वाटतं!’ मराठीने या एकाच कामासाठी तीन वेगवेगळी रूपं काढली, हे इथे नीट दिसतं: चिरत होते, पडून गेलाय, पळत आलोय. म्हणून तर हा उपयोग शब्दाला शब्द जोडून सापडत नाही. तो खुणेवरून शोधावा लागतो. समोर काहीतरी उरलंय का, वास, डाग, थकवा, ओल, पसारा? उरलं असेल आणि ते कशामुळे हे सांगायचं असेल, तर ‘हॅव बीन’ लावा. याच वाटेने त्यात आरोपही येतो. डब्यातले लाडू कमी दिसले की ‘समवन हॅज बीन ईटिंग माय लाडूज’. लाडू संपलेले नाहीत, पण कुणीतरी हात मारत होतं आणि त्याचा पुरावा डब्यात आहे. ‘समवन हॅज ईटन माय लाडूज’ म्हटलं तर डबा रिकामा.

हा डब्याचा फरक मोजणीतही उपयोगी पडतो. जिथे आकडा येतो, काम झाल्याचा हिशेब येतो, तिथे ‘इंग’ टिकत नाही. ‘सकाळपासून पत्रं लिहितोय’ हे ‘आय हॅव बीन रायटिंग लेटर्स सिन्स धिस मॉर्निंग’. ‘सकाळपासून तीन पत्रं लिहिलीत’ हे ‘आय हॅव रिटन थ्री लेटर्स सिन्स धिस मॉर्निंग’. ‘हॅव बीन रायटिंग थ्री लेटर्स’ असं कुणी म्हणत नाही, जोवर तिन्ही पत्रं एकाच वेळी अर्धी पडलेली नाहीत. मराठीत लिहितोय आणि लिहिलीत हा भेद आपण जन्मजात पाळतो, त्यामुळे इथे अडचण यायचं कारण नाही; मराठी वाक्य आधी मनात नीट म्हणावं आणि मग उतरवावं. उसनं घेतलेलं पुस्तक परत देताना ‘आय हॅव बीन रीडिंग युवर बुक’ म्हटलं तर देणारा विचारेल, मग संपलं नाही का?

नोकरीच्या मुलाखतीत हा काळ चुकला तर अर्थाचं नुकसान होतं, नुसत्या भाषेचं नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग ॲज अ स्टाफ नर्स फॉर सिक्स इयर्स’ म्हणजे आजही ती नोकरीवर आहे. राजीनामा देऊन झाला असेल तर ‘आय वर्क्ड ॲज अ स्टाफ नर्स फॉर सिक्स इयर्स’. ‘फॉर’ दोन्हीत आहे, कारण ‘फॉर’ फक्त लांबी मोजतो, ती कुठे संपली हे क्रियापदच सांगतं. आणि ‘मी तीन हॉस्पिटलांत काम केलंय’ म्हणायचं तर आकडा आला: ‘आय हॅव वर्क्ड इन थ्री हॉस्पिटल्स.’ परदेशी जाणाऱ्या परिचारिका आणि विद्यार्थी आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेला बसतात, ती ११ ते १४ मिनिटांची असते आणि चार निकषांपैकी एक व्याकरणाची विविधता व अचूकता हा असतो. सुरुवातीलाच राहणं, काम, शिक्षण यांवर प्रश्न येतात. त्या पहिल्या उत्तरांत ‘आय ॲम स्टेइंग इन सांगली सिन्स बर्थ’ गेलं, की परीक्षकाच्या कानावर पहिली छाप तीच पडते. तिथे ‘आय हॅव लिव्हड इन सांगली ऑल माय लाइफ’ हवं. ‘लिव्ह’, ‘वर्क’, ‘टीच’ या क्रियापदांना ‘हॅव लिव्हड’ आणि ‘हॅव बीन लिव्हिंग’ दोन्ही चालतात. पहिल्यात कायमचं वास्तव्य जास्त, दुसऱ्यात सध्यापुरतं असल्याचा भास जास्त. जन्मापासूनचं गाव सांगताना पहिलं, भाड्याच्या खोलीबद्दल बोलताना दुसरं.

काही क्रियापदांना ‘इंग’ मुळातच मानवत नाही. ओळखणे, माहीत असणे, मालकीचं असणे, आवडणे, विश्वास असणे. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ याचं ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ होतं. ‘हॅव बीन नोइंग’ म्हणत नाहीत, कारण ओळख ही मिनिटामिनिटाला चाललेली क्रिया नाही. मराठीला हे आतून ठाऊक आहे. आपणही ‘ओळखतोय’ म्हणत नाही, ‘ओळखतो’च म्हणतो. ‘आमच्याकडे ही गाडी पाच वर्षं आहे’ म्हणजे ‘वी हॅव हॅड धिस कार फॉर फाइव्ह इयर्स’. हे ‘हॅव हॅड’ कानाला विचित्र वाटतं म्हणून लोक ते टाळतात आणि ‘आर हॅविंग सिन्स’कडे पळतात. पण तेच ‘हॅव’ जेव्हा दुखणं सोसण्याच्या अर्थाने येतं, तेव्हा त्याला ‘इंग’ लागतं: ‘आय हॅव बीन हॅविंग हेडेक्स फॉर टू वीक्स.’ डोकं दुखतं, थांबतं, पुन्हा दुखतं. आवर्तनं आहेत, म्हणून क्रिया.

डॉक्टरच्या खोलीत या काळाला सगळ्यांत जास्त जपावं. परदेशात मुलाकडे गेलेले आईवडील तिथल्या डॉक्टरांशी बोलतात, तेव्हा ‘हाउ लाँग हॅव यू बीन टेकिंग धिस टॅब्लेट?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचा अर्थ: ही गोळी कधीपासून घेताय, आणि अजून घेताय असं मी धरून चाललोय. गोळी चालू असेल तर ‘आय हॅव बीन टेकिंग इट फॉर थ्री मंथ्स’. ‘आय टुक इट फॉर थ्री मंथ्स’ म्हटलं तर डॉक्टर समजेल की बंद केली, आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळीबाबत तो गैरसमज परवडणारा नाही. ‘आय ॲम टेकिंग सिन्स थ्री मंथ्स’ व्याकरणात चुकलं तरी धोक्याचं नाही, ऐकणारा अर्थ बरोबर लावतो. म्हणून पुढे काय म्हणायचं ते आठवेना झालं, तर भूतकाळात जाण्यापेक्षा हे मोडकं वाक्य चालेल. शिकवणाऱ्यांनी ही उतरंड मुलांना आणि पालकांना मोकळेपणाने सांगायला हवी: कुठली चूक नुसती खटकते आणि कुठली अर्थ पालटते.

लिहिताना आणखी एक घोळ होतो, ‘बीन’ आणि ‘बीइंग’चा. ‘आय हॅव बीइंग वर्किंग’ असं अर्जांमध्ये सर्रास दिसतं. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ यांच्या लगेच पुढे नेहमी ‘बीन’ येतं, ‘बीइंग’ कधीच नाही. ‘बीइंग’ची जागा ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांच्या पुढे, कर्मणी प्रयोगात: ‘द ब्रिज इज बीइंग बिल्ट.’ मग पूल दोन वर्षांपासून बांधला जातोय हे कसं सांगायचं? नियमाने ‘हॅज बीन बीइंग बिल्ट’ असं होतं, पण ते इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जड जातं आणि ते क्वचितच वापरतात. ‘इज बीइंग बिल्ट’ हीसुद्धा त्या मानाने नवी रचना आहे, अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली आणि पुढे कितीतरी वर्षं तिला नावं ठेवली गेली. पुलासाठी सरळ ‘हॅज बीन अंडर कन्स्ट्रक्शन फॉर टू इयर्स’ म्हणावं.

उच्चाराचंही तसंच. इंग्रजी बोलणारे ‘आय हॅव बीन’ तोडून म्हणत नाहीत. कानावर येतं ते ‘आयव्ह बिन’, ‘शीज बिन’, ‘देव्ह बिन’. अमेरिकेत तर ‘बिन’ हाच सर्वसाधारण उच्चार. आपण दीर्घ ‘बीन’ शोधत बसतो आणि वाक्य निघून जातं. ‘हीज’ ऐकू आलं की ते ‘ही इज’ की ‘ही हॅज’ हा प्रश्न पडतो. लगेच पुढे ‘बिन’ आलं तर ‘हॅज’, एरवी ‘हीज वेटिंग’सारखं ‘इंग’ थेट आलं तर ‘इज’.

कामाच्या ईमेलमध्ये हा काळ जरा जपून वापरावा, कारण त्यात तक्रारीचा सूर सहज मिसळतो. ‘आय हॅव बीन ट्राइंग टु रीच यू सिन्स मंडे’ म्हणजे सोमवारपासून मी पुन्हा पुन्हा फोन लावतोय आणि तुम्ही उचलत नाही. ते तसंच म्हणायचं असेल तर उत्तम. पहिल्याच ईमेलमध्ये मात्र ‘आय कॉल्ड ऑन मंडे’ एवढं बरं.

आणि ‘हाउ लाँग हॅव यू बीन वेटिंग?’ असं समोरून विचारलं, तर उत्तरात सगळं ‘हॅव बीन’ परत म्हणायची गरज नसते. ‘टू अवर्स’ किंवा ‘सिन्स टेन’ पुरतं. उशीर करून आलेल्याला ओशाळं वाटू नये म्हणून ‘हे काय, आत्ताच आलो’ म्हणायची आपली रीत आहे. इंग्रजीत त्या जागी ‘नॉट लाँग’ म्हणतात.